गणवेशाबरोबर येणारी अमानत

बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांत एक चर्चा हमखास सुरू होते. मुलगी शास्त्र शाखेची, गुण बरे, पण एमबीबीएसपर्यंत पोचणारे नाहीत. मग एखादे मामू किंवा खालाजान सुचवतात, "नर्सिंगला घाला. नोकरी पक्की, आणि आखातात गेली तर घर उभे राहील." त्यानंतर प्रश्नांची रांग लागते. फी किती? हॉस्टेल कसे आहे? रात्रपाळी असते का? पुरुषांच्या वॉर्डात जावे लागेल का? स्कार्फ चालेल का? हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि अम्मी-अब्बांनी ते विचारलेच पाहिजेत. पण या रांगेत एक प्रश्न क्वचितच असतो. आपली मुलगी चांगली नर्स कशाने होईल? आमच्या आजच्या गप्पा याच प्रश्नाभोवती आहेत.

नर्सिंगचे मार्ग थोडक्यात सांगून ठेवतो. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. आता मुलगेही मोठ्या संख्येने हे शिक्षण घेतात, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते त्यांनाही तितकेच लागू आहे. भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ मध्ये बीएस्सीचा अभ्यासक्रम सुधारला. त्यात चौथ्या सत्रात व्यावसायिकता, व्यावसायिक मूल्ये आणि नीतिशास्त्र असा एक स्वतंत्र विषय आहे. त्यासाठी वर्गातले वीस तास ठेवले आहेत. विषय आला ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु चार वर्षांत वीस तास म्हणजे किती, याचा हिशोब वाचकांनीच करावा. प्रामाणिकपणावर दहा ओळींची टीप लिहून गुण मिळवता येतात. प्रामाणिकपणा मात्र त्या टिपेतून येत नाही. तो येतो वॉर्डात, आणि त्याहून आधी घरात.

'प्रोफेशनल' म्हणजे कोण?

आपल्या बोलण्यात हा शब्द जरा बिघडला आहे. "तो डॉक्टर फार प्रोफेशनल आहे" असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा तो पैसे मोजणारा, कोरडा माणूस आहे असे सुचवायचे असते. नर्सिंगमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे. काम नीट शिकलेले असणे, ते कुणी पाहत असो वा नसो सारखेच करणे, आपल्याला काय येत नाही ते ओळखणे आणि केलेल्या कामाचा जबाब द्यायला तयार असणे, म्हणजे व्यावसायिकता. आपल्या घरांत यासाठी एक जुना शब्द आहे, अमानत. रुग्ण आपला देह, आपली लाज, आपले गुपित आणि आपला जीव एका अनोळखी मुलीच्या हाती सोपवतो. ती मुलगी कधी कधी फक्त एकोणीस वर्षांची असते.

नर्सिंग शाळांत दीपप्रज्वलनाचा समारंभ होतो. मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात, पालक फोटो काढतात. ही शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाते, पण ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ ची, आणि तिची अलीकडची सुधारित आवृत्ती २०२१ ची. शपथ आणि संहिता दोन्हींची गरज आहे. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वॉर्डात गेल्यावर त्या शपथेचे काय होते.

पडदा सर्वांचा

पहिला धडा अगदी साधा असतो. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आपले नाव सांगायचे, काय करणार ते सांगायचे आणि त्याची परवानगी घ्यायची. अंग पुसायचे असेल, लघवीची नळी घालायची असेल, ड्रेसिंग करायचे असेल तर खाटेभोवती स्क्रीन ओढायचा. जेवढा भाग उघडणे आवश्यक तेवढाच उघडायचा, बाकी चादरीने झाकलेला ठेवायचा. शिकणारा मुलगा असेल आणि रुग्ण स्त्री असेल तर सोबत एखादी सिस्टर हवी.

आपल्या घरांत हया आणि पडदा यांविषयी पुष्कळ बोलले जाते. वॉर्डात त्याची खरी परीक्षा होते. आपल्या अम्मीसाठी आपण जो पडदा मागू, तोच शेजारच्या खाटेवरच्या, कुणीही नातेवाईक नसलेल्या म्हाताऱ्या बाईसाठी ओढला जातो का? तिला "ए आजी, सरक" म्हटले जाते, की "आजी, कूस बदलू या का?" असे विचारले जाते? घरी मोठ्यांशी अदबीने बोलायला शिकलेल्या मुलीला हा धडा अर्धा आधीच आलेला असतो.

"हे काम आपल्या मुलींना शोभते का?" असे अजूनही कुणी विचारते. त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांची आठवण करून द्यावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेत मशिदीजवळ त्यांचा तंबू असे, आणि खंदकाच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना उपचारासाठी त्याच तंबूत ठेवले होते. जखमींची सेवा हे काम कमी दर्जाचे मानण्याची सवय आपल्याला नंतर जडली.

न मोजलेली नाडी

आता थोड्या अवघड गोष्टीकडे येतो. विद्यार्थिनींचे रोजचे काम म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि बीपी मोजून तक्त्यावर लिहिणे. वॉर्ड भरलेला, एका सिस्टरच्या वाट्याला झेपणार नाहीत इतके रुग्ण, आणि विद्यार्थिनी दोनच. अशा वेळी मोह होतो. नाडी पूर्ण एक मिनिट मोजण्याऐवजी कालचा आकडा थोडा बदलून लिहिला जातो. श्वासाचे तर विचारूच नये. कित्येक वॉर्डांत दाखल असलेल्या प्रत्येकाचा श्वास मिनिटाला बरोबर वीस असतो!

यात काय मोठेसे बिघडले, असे वाटू शकते. बिघडते ते असे. बाळंतिणीला रक्तस्राव होत असेल तर बीपी बऱ्याचदा उशिरा उतरते. त्याआधी नाडी वाढू लागते. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की श्वास जलद होतो, आणि हे लक्षण रुग्ण स्वतः सांगत नाही. ते मोजणाऱ्यालाच दिसते. रात्री दोन वाजता ज्या मुलीने खरेच हात धरून मोजले, तिला ७८ ऐवजी ११८ सापडते आणि ती सिस्टरला हाक मारते. जिने न मोजता लिहिले, तिच्या तक्त्यावर सगळे ठीक असते, सकाळपर्यंत.

म्हणूनच चांगल्या शिक्षिका एकच नियम घोकून घेतात. जे केले तेच लिहायचे, आणि जे केले नाही ते केले म्हणून लिहायचे नाही. औषध देतानाही पाच गोष्टी पाहायच्या असतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. हे पाच शब्द पहिल्या वर्षाच्या कोणत्याही मुलीला तोंडपाठ असतात. मूल्य म्हणजे विसाव्या रुग्णापाशीही, पाय दुखत असताना, नाव विचारून ते केस पेपरशी ताडून पाहणे.

चूक झाली तर

समजा, बारा नंबरच्या खाटेची गोळी एकवीस नंबरला दिली गेली. कुणी पाहिले नाही. रुग्णाने पाण्याबरोबर ती गिळली. आता त्या मुलीपुढे दोन वाटा आहेत. गप्प बसायचे, किंवा लगेच जाऊन सांगायचे, "सिस्टर, माझ्याकडून चुकीची गोळी दिली गेली." लगेच सांगितले तर डॉक्टरांना कळवता येते, रुग्णावर लक्ष ठेवता येते, गरज असेल तर उतारा देता येतो. गप्प बसले तर रुग्णाचे जे होईल ते होईल.

मुलगी कोणती वाट धरेल, हे तिच्या स्वभावावर जितके अवलंबून आहे, तितकेच मागच्या वेळी खरे बोलणाऱ्या मुलीचे काय झाले यावर आहे. तिला सगळ्या वॉर्डासमोर, नातेवाइकांसमोर अपमानित केले असेल, तर बाकीच्या तीस मुलींनी त्या दिवशी धडा घेतला, तोंड उघडायचे नाही. रागावू नये असे आम्ही म्हणत नाही. पण आधी रुग्णाकडे धावायचे, मग मुलीला बाजूला घेऊन चूक कशी झाली ते शोधायचे, हा क्रम पाळणारी शिक्षिका नीतिशास्त्राचा वीस तासांचा विषय पाच मिनिटांत शिकवून जाते.

आणखी एक कसोटी असते. वर्गात शिकवतात, प्रत्येक रुग्णाआधी व नंतर हात धुवा. नखे कापलेली हवीत, हातात अंगठी-बांगडी नको, कारण त्यांच्याखाली जंतू दडून राहतात. वॉर्डात मात्र एखादी जुनी कर्मचारी हसून म्हणते, "ते पुस्तकातले, इथे असे चालत नाही." नव्या मुलीच्या मनात इथेच खरी ओढाताण सुरू होते. अशा वेळी तिच्याबरोबर वॉर्डात शिक्षिका प्रत्यक्ष हजर असावी लागते. तिने स्वतः हात धुतलेले मुलींनी पाहिले पाहिजेत. ड्युटी संपताना पंधरा मिनिटे सगळ्यांना जवळ घेऊन, आज काय पाहिले, काय खटकले, दुसरे काय करता आले असते, असे विचारले पाहिजे. ज्या महाविद्यालयात ही पंधरा मिनिटे पाळली जातात तिथे मुलींना शब्द सापडतात. पुढे त्याच मुली डॉक्टरांना अदबीने पण ठामपणे म्हणू शकतात, "सर, ही मात्रा जास्त वाटते, एकदा पाहता का?"

आणि ज्या मुलीला वॉर्डात दिवसभर "ए, इकडे ये" एवढीच हाक ऐकू येते, ती तीच हाक पुढे रुग्णाला देते. विद्यार्थिनीला मान दिला तरच तिच्याकडून मान देण्याची अपेक्षा करता येते.

एक रात्र आणि बेचाळीस वर्षे

मुंबईतील दोन उदाहरणे प्रत्येक नर्सिंग विद्यार्थिनीला ठाऊक हवीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे प्रसूतीपूर्व वॉर्डात ड्युटीवर होत्या. वॉर्डात वीस गर्भवती स्त्रिया होत्या. त्या सगळ्यांना त्यांनी पँट्रीत नेऊन सुरक्षित ठेवले, आणि एकीला कळा सुरू झाल्यावर गोळीबाराच्या त्या रात्रीच तिला प्रसूतिगृहापर्यंत पोचवले. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्या बोलल्या.

दुसरे उदाहरण केईएम रुग्णालयाचे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. त्यानंतर त्या शुद्धीवर अशा कधी आल्याच नाहीत. मे २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. मधली बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांची सेवा केली. शेवटच्या काळात सेवा करणाऱ्या कित्येक जणींचा १९७३ मध्ये जन्मही झाला नव्हता. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. इतक्या वर्षांत अरुणाताईंना एकदाही बेडसोर झाला नाही, ही गोष्ट तेव्हा देशभर सांगितली गेली. ज्यांच्या घरी आजारी माणूस वर्षभर अंथरुणाला खिळले आहे, त्यांनाच याचा अर्थ नीट कळेल. दर दोन-दोन तासांनी कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे, चादरीला सुरकुती पडू न देणे, आणि हे रोज करणे. रुग्ण धन्यवाद देणार नाही, ओळखणारही नाही, हे माहीत असताना करणे.

कुलथे यांच्यासारखी रात्र फार थोड्यांच्या वाट्याला येते. केईएममधल्यासारखे काम मात्र प्रत्येक विद्यार्थिनीच्या वाट्याला उद्या सकाळीच येणार आहे.

याच कामात रुग्णाची जात, धर्म, पैसा काही पाहायचा नसतो. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात एक सुंदर व्यवहार चालतो. ईदच्या दिवशी सलमाची ड्युटी संगीता करते, दिवाळीत संगीताची सलमा, आणि नाताळला दोघी मिळून मारियाची. रमजानमध्ये कुणी तरी रोजा असलेल्या मैत्रिणीला इफ्तारीसाठी दहा मिनिटे मोकळी करते. हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही, पण त्या मुली एकमेकींकडून जे शिकतात ते आयुष्यभर पुरते.

घराचा वाटा

आता शेवटी आपल्याविषयी. मुलगी नर्सिंगला गेली की आपण नकळत तिच्या मूल्यांना धक्का देणाऱ्या बऱ्याच गोष्टी करतो.

एक म्हणजे चौकशी. "अगं, आपल्या मोहल्ल्यातली ती अमकी तुझ्याच वॉर्डात आहे ना? काय झालंय तिला?" फुफी सहज विचारतात. मुलीने सांगितले तर एका स्त्रीचा गर्भपात, एका तरुणाचा क्षयरोग, कुणाचा मानसिक आजार संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत पोचतो. आणि ठरलेले लग्नही मोडते. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. म्हणून मुलीने "ते मला सांगता येणार नाही, फुफीजान" असे म्हटले तर तिला उद्धट म्हणू नका. तिची पाठ थोपटा. वॉर्डात काढलेल्या सेल्फीत किंवा रीलमध्ये मागे कुणाची खाट दिसत असेल, तर ती पुढे पाठवण्याआधी घरातल्यांनीच तिला अडवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे सुट्टी. चुलत भावाचा निकाह आहे, मग "आजारी आहे म्हणून कळव" असा सल्ला अम्मीच देते. आपण तिला शिकवतो की ड्युटीसाठी खोटे बोललेले चालते. मग तेच खोटे उद्या तक्त्यावर उतरले तर दोष कुणाचा? रजा हवी असेल तर आधी, खरे कारण सांगून मागावी. मिळाली नाही तर निकाहनंतर दोन दिवसांनी मुबारकबाद देता येते.

तिसरी गोष्ट झोप. रात्रपाळी करून सकाळी आठ-नऊला घरी आलेल्या मुलीला भाकऱ्या करायला उभे करू नये. संध्याकाळी तिला पुन्हा कुणाचे तरी इंजेक्शन भरायचे असते. मुलगा रात्रपाळीहून आला की घरात सगळे कुजबुजत बोलतात. तोच शांतपणा मुलीलाही द्यावा.

चौथी सर्वांत महत्त्वाची. प्रवेशाच्या वेळी कुणी एजंट सांगतो, "हजेरीची चिंता नको, परीक्षेला आले की झाले." काही जण अनुभवाचा दाखलाही आणून देतो म्हणतात. मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांचा असा कारभार उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सीबीआय चौकशी लावली, आणि २०२४ मध्ये त्याच चौकशीतले काही अधिकारी लाच घेताना पकडले गेले. यात पैसे बुडाले ते आईबापांचे आणि वर्षे गेली ती मुलामुलींची. आखातात जायचे असेल तर तिथे कागदपत्रे मूळ संस्थेकडून पडताळून घेतात आणि वेगळी परीक्षाही असते, हेही लक्षात ठेवावे. पण हे नुकसान बाजूला ठेवले, तरी कधीही वॉर्ड न पाहिलेली मुलगी नर्स म्हणून एखाद्याच्या शिरेत सुई घालणार आहे. ते रुग्ण आपले अब्बाही असू शकतात. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला भारतीय नर्सिंग परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता आहे का, आणि मुली शिकायला कोणत्या रुग्णालयात, किती दिवस जातात, हे स्वतः जाऊन पाहावे. मूल्यांचा पहिला धडा प्रवेश अर्जावरच लिहिला जातो आणि तो आईबाप लिहितात.

मुलगी पहिल्या वर्षी घरी येईल तेव्हा गुणांच्या आधी तिला विचारा, "आज वॉर्डात काय जड गेले?" नाव-गाव न विचारता ऐका. पहिला मृत्यू पाहून आलेली मुलगी दोन दिवस जेवत नाही. तिला "सवय होईल" असे म्हणण्यापेक्षा जवळ बसवून घेतलेले बरे. माणसाच्या जाण्याचे दुःख वाटणे हा तिच्या कामातला दोष नाही.

आणि वाचकहो, आपल्यापैकी कुणीही उद्या रुग्ण म्हणून किंवा रुग्णाबरोबर वॉर्डात असेल. गणवेशातली एखादी लहान चणीची मुलगी येऊन मनगट धरेल आणि घड्याळाकडे पाहू लागेल. तिला "शिकाऊ आहेस ना, मोठ्या सिस्टरला बोलाव" असे म्हणू नका. हात पुढे करा, आणि एक मिनिट तिच्याशी बोलू नका. ती मोजते आहे.